एकादशीला दोघी

"दोघी तरी असाल ना काकी, तर मी कमिटीला सांगेन, भजनाला हॉल राहू दे म्हणून," श्रीवत्स म्हणाला. "एकटीसाठी कसा ठेवायचा?"

वृद्धाश्रमाच्या सभागृहात अंथरलेल्या सतरंजीवर तुंगाबाई एकादशीच्या भजनाला एकट्याच बसल्या होत्या. समोर विठोबा, आणि भिंतीकडेला फिजिओथेरपीच्या नव्या यंत्रांची खोकी. बाकीचे सगळे जेवणघरात टीव्हीपुढे होते.

श्रीवत्स वाईट नव्हता. आश्रमाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याने लिफ्ट आणली, रात्रपाळीला नर्स ठेवली. इथे कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची कंबर. व्यायामाला खोली हवीच होती. भजन रोज सकाळी स्पीकरवर लावू, असंही तो म्हणाला होता.

हे घर त्याच्या आजोबांनी आणि तुंगाबाईंच्या नवऱ्याने, रंगनाथने, उभं केलं. दोघंही जुन्या अग्रहार पेठेतले, पिढ्यान्पिढ्या या कानडी मुलखात राहिलेले मराठी शिंपी. त्यांच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराचे डोळे गेले, मशीन सुटलं, मागे कुणी नव्हतं. तो विठ्ठल मंदिराच्या ओट्यावर येऊन राहिला. आज या घरचं ताट, उद्या त्या घरचं. मग असे आणखी आले. ओटा पुरेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून शहराबाहेर कुवेंपुनगरला ही जागा घेतली. त्या वेळी तिथे नुसतं रान होतं. ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही आणि ज्याचं कुणी नाही, त्याने इथे यावं. नेम एकच: एकादशीला विठोबासमोर बसायचं. तेव्हा या सभागृहात मांडीला मांडी लागायची.

मग ती माणसं एकेक करून गेली. त्यांची नातवंडं हेब्बाळच्या कंपन्यांत लागली. आता येणाऱ्यांत कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी मुलामागे पुण्याहून आलेले. माणसं चांगली होती, पण त्यांना हे अभंग येत नव्हते.

"कमलाक्षी आहे की," तुंगाबाई म्हणाल्या.

"त्यांना कुठे काय आठवतंय आता, काकी?"

"बसेल ती. तू थांब स्वल्प."

त्या वर गेल्या. कमलाक्षी आणि त्या एकाच वर्षी लग्न होऊन गल्लीत आलेल्या. दिवसभर दोघी एकाच खिडकीपाशी बसून सदऱ्यांची काजं करायच्या, आणि एकादशीला तुंगाबाईंनी अभंग उचलला की मागून कमलाक्षी धृपद धरायची. आता ती वरच्या मजल्यावर होती, जिथे उठता न येणाऱ्यांना ठेवतात. कित्येक महिन्यांत तुंगाबाई तिकडे फिरकल्या नव्हत्या. शेवटच्या वेळी त्यांना बघून कमलाक्षीने पदर सावरला होता, परक्या माणसासमोर सावरतात तसा.

आजही तिने तसाच सावरला. पण चाकाच्या खुर्चीत बसायला ती कुरकुरली नाही. तिची देखभाल करणाऱ्या सहनाने खुर्ची खाली आणली आणि सतरंजीच्या कडेला लावली. श्रीवत्स दारातच उभा होता.

तुंगाबाईंनी कमलाक्षीच्या हातात टाळ दिले. बोटांनी दोरी बरोबर धरली. तुंगाबाई तिच्या पुढे, विठोबाकडे तोंड करून बसल्या आणि त्यांनी अभंग उचलला. ओळ संपली, त्या थांबल्या. मागून काही आलं नाही. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा थांबल्या. जेवणघरातून टीव्हीवरचं हसणं ऐकू येत होतं.

तिसऱ्या खेपेला धृपद आलं. आवाज बारीक झाला होता, पण सूर जागच्या जागी होता. तुंगाबाईंनी पुढचं कडवं म्हटलं. धृपद परत आलं, या वेळी टाळांसकट. दारातून श्रीवत्सने हात उंचावून दाखवला, झाल्या दोघी म्हणून.

तेवढ्यात कमलाक्षी थांबली. पुढे वाकून तिने तुंगाबाईंच्या दंडाला हात लावला.

"बाई, गळा छान आहे तुमचा," ती हळूच म्हणाली, "पण तुम्ही अशा मागे या माझ्याजवळ. पुढे आमची तुंगा बसते. तिला आवडणार नाही."

"कमले, मीच तुंगा."

कमलाक्षी हसली, पाहुण्याच्या बोलण्याला हसावं तशी. "अय्यो, असं कसं? तुंगा केवढीशी आहे. वेणी इथवर येते तिची." तिने खुर्चीत बसल्या बसल्या आपल्या कमरेला हात लावून दाखवला.

श्रीवत्स पुढे येऊ लागला. "कमलाक्षी काकी, या बघा ना, या आपल्या..."

तुंगाबाईंनी हातानेच त्याला अडवलं. मग गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या, मागे खुर्चीच्या बाजूला आल्या आणि सतरंजीवर बसल्या. पुढे आता कुणीच नव्हतं.

"फार उशीर नाही करायची ती," कमलाक्षी म्हणाली. "चुलीवर काही असेल. आपण थांबू या का?"

"थांबू या," तुंगाबाई म्हणाल्या.

कमलाक्षीने टाळ मांडीवर ठेवले आणि ती मान वळवून दाराकडे बघत राहिली. तुंगाबाईही तिकडेच बघू लागल्या.

श्रीवत्स दारातून बाजूला झाला, येणारीला वाट द्यावी तसा.