दाराआडचा जोडीदार

जहाजावरच्या रक्तपिपासू पिशाचाचा सिनेमा बघताना अख्खं थिएटर किंचाळत होतं. जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम केलेले बाबा मात्र निवांत पॉपकॉर्न खात होते. मग खलाशांनी त्या पिशाचाला, त्याने चावलेल्या आपल्याच एका सोबत्यासकट, तळाच्या खोलीत कोंडून दार लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा उठून बाहेर गेले.

मी मागोमाग धावले. "काय झालं, बाबा?"

"आमच्या जहाजाला आग लागली, तेव्हा इंजिनरूमचं दार मीच लावलं होतं. बाकीचे वाचले. माझा जोडीदार आतच राहिला."

मी विचारलं, "काय नाव होतं त्यांचं?"

बाबा माझ्याकडे वळले.

"आजवर सगळे मला शाबासकीच देत आले गं. त्याचं नाव तूच पहिल्यांदा विचारलंस."