दोन बेल

३ डिसेंबर, मंगळवार, सकाळचे सहा पस्तीस. किनाऱ्याकडे जाणारी पहिली बस अडतीस प्रवासी घेऊन शहराच्या डेपोतून बाहेर पडली. पुढच्या थांब्यावर तपासनीस चढला आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला. कंडक्टरला नवल वाटले नाही. निनावी फोन करून त्यानेच त्याला बोलावून घेतले होते.

ड्रायव्हरविरुद्ध दोन तक्रारी आधीच होत्या. मागून हॉर्न वाजत असूनही बाजू न देणे, ही पहिली. प्रवाशांना उत्तर न देणे, ही दुसरी. तिसरी झाली की नोकरी जाणार होती. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते आणि किनाऱ्यावरच्या गावात त्याने बांधायला काढलेले घर अजून छपराविना उभे होते. कंडक्टरला हे सारे ठाऊक होते.

त्याचा राग चार वर्षांचा होता. याच रस्त्यावर वडील गेल्याचा फोन आला, तेव्हा तो ड्रायव्हरच्या सीटमागे येऊन म्हणाला होता, "माझे वडील गेले. पुढच्या थांब्यावर मला उतरू द्या." ड्रायव्हरने गिअर बदलला. थांबा मागे पडला.

त्या दिवसापासून कंडक्टर त्याला लाटसाहेब म्हणू लागला. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे टोमणे मारू लागला. ड्रायव्हर चकार शब्द काढत नसे. चहाच्या टपरीवर मात्र समोर बसून विचारी, "घरी सगळे बरे ना?" हा दुतोंडीपणा कंडक्टरच्या डोक्यात जाई. भरीस भर म्हणून ड्रायव्हरने स्वखर्चाने मोठा आरसा बसवून घेतला होता. आपल्यावर पाळत ठेवायला, असे कंडक्टरचे ठाम मत.

खाडीच्या अलीकडे फाटक नसलेले रेल्वेचे रूळ होते. तिथे कंडक्टरने उतरून दोन्ही बाजू पाहायच्या, परत चढायचे आणि दोरी ओढून दोन बेल द्यायच्या; मगच गाडी हलायची. कंडक्टरला रुळांवर सोडून जाणारा ड्रायव्हर कायमचा घरी बसे.

आज शेवटच्या बाकावर कंडक्टरचा मेहुणा बसला होता.

"मी उतरलो की दोनदा ओढ," कंडक्टरने त्याला बजावले होते. "आपला लाटसाहेब बेल झाली की निघतो."

रूळ आले. कंडक्टर उतरला. दोन बेल खणखणल्या. गाडी हलली नाही. मेहुण्याने पुन्हा ओढली. हॉटेलात कामाला निघालेला एक आचारी ओरडला, की झोप लागली असेल तर उशी आणून देतो. तपासनीसही म्हणाला, "ड्रायव्हर, बेल झाली."

ड्रायव्हर आरशात पाहत स्वस्थ बसून राहिला.

शेवटी कंडक्टर दात-ओठ खात वर चढला. मेहुण्याच्या ओढाताणीत दोरी निखळली होती; कंडक्टरने दोनदा ओढली तरी बेल वाजलीच नाही. गाडी मात्र लगेच निघाली.

किनाऱ्यावरच्या डेपोत मेहुणा तपासनिसाच्या दुसऱ्याच प्रश्नाला ढेपाळला आणि सगळे ओकला. आचाऱ्याने ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. डाव ओळखणारा असा वस्ताद त्याने पाहिला नव्हता म्हणे. कंडक्टर मान खाली घालून उभा होता. तुझे घरी बसणे नक्की, असे तपासनिसाने त्याला सुनावले.

मग तपासनीस ड्रायव्हरसमोर येऊन उभा राहिला.

"सीटवर बसा. बेल झाली की हात वर करा."

"घराचं छप्पर तेवढं राहिलंय, साहेब," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

"बसा."

तपासनिसाने आरशावर रुमाल टाकला आणि कंडक्टरला दोरी बांधून ओढायला सांगितले.

बेल दहा वेळा वाजली. हात वर झाला शून्य वेळा.