मैलाला सहा

“आठ पेन्स!” बाबांनी पेन्सिल टेबलावर आपटली. “मागच्या शनिवारी मैलाला सहा, आज आठ. गाडी आहे का सरडा?”

“गाडीतच काहीतरी खोट असेल,” लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. “पुढच्या शनिवारी परत बघू.”

बाबांनी इथं विलायतेत एकतीस वर्षं घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचले होते. दोनदा कुत्री चावली, पण आकडा कधी चुकला नाही. म्हणून तर लेकीनं विजेवरची गाडी घेतली आणि थेट त्यांच्याकडे आली. तिच्या इमारतीत महिन्याला ठरावीक रक्कम भरून चार्जिंगची सोय होती. ती परवडते का, हे ठरवायला मैलाला किती पैशांची वीज लागते ते कळायला हवं होतं. “तुमच्याशिवाय कुणाला जमणार हे?” ती म्हणाली होती.

काळजीपोटी आली असती तर दारातूनच परत गेली असती. आई गेल्यावर ती दर आठवड्याला डबे घेऊन यायला लागली, तेव्हा बाबा तडकले होते. “मला काय धाड भरलीय? लेक म्हणून ये, नर्स म्हणून येऊ नकोस.” काम घेऊन आलेल्या माणसाला मात्र त्यांनी जन्मात कधी परत पाठवलं नव्हतं.

आता दर शनिवारी सकाळी गाडी त्यांच्या फाटकाशी लागे. तिथंच, आठवड्यातून एकदा, ती पूर्ण चार्ज होई. त्यासाठी बाबांनी भिंतीवर वेगळा मीटर बसवून घेतला होता. युनिटं ते वाचत, आठवड्याचे मैल ती चिठ्ठीवर लिहून आणी. युनिटांना दरानं गुणायचं, मैलांनी भागायचं. पोरखेळ. गाडी चार्ज व्हायला पाच-सहा तास लागत. तेवढ्यात दोघांचं जेवण होई, गळका नळ दुरुस्त होई, आणि जाता जाता लेक गोळ्यांची डबी भरून ठेवी.

पण हिशेब काही जुळेना. सहा, आठ, पाच, नऊ.

बाबांनी हजार वॉटचा हीटर तासभर लावून मीटर तपासला. बरोबर एक युनिट. मीटर चोख होता. मग उरलं काय? त्यांचं डोकं. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी आकडे गेले, मग माणसं. शेवटी तो बाबांनाच ‘आपण कोण?’ विचारायचा. आठवडाभर ते रोज उठून पाढे म्हणत होते, आणि सतराच्या पाढ्याशी अडखळले की अंथरुणावर बसून राहत होते.

दहाव्या शनिवारी उत्तर आलं सात. लेक मागं भांडी घासत होती. बाबांनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि गुपचूप फाटकाकडे गेले.

हात पुसत लेक बाहेर आली. खुंटी रिकामी दिसली आणि ती जागच्या जागी थिजली.

वीस मिनिटांनी बाबा परतले. डोळे लाल होते.

“मिळाली का हो चूक?” तिनं हळूच विचारलं.

“मिळाली. मोठी आहे.” बाबा खुर्चीत टेकले. “निस्तरायला वर्ष तरी जाईल. दर शनिवारी यावं लागेल तुला. जमेल?”

“जमवीन की.”

“आणि येताना डबा आणलास तरी चालेल.”

लेक परत भांड्यांकडे वळली. बाबांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि सतराचा पाढा न अडखळता शेवटपर्यंत म्हटला.

फाटकाशी गाडीच्या पुढच्या सीटवर, त्यांनी होती तशीच परत ठेवलेली, लेकीची छोटी वही उघडी पडली होती. प्रत्येक शनिवारपुढे दोन आकडे होते. एकावर लिहिलं होतं ‘खरे मैल’, त्यानं भागलं की दर वेळी सहाच पेन्स येत होते. आणि दुसऱ्यावर, ‘बाबांना सांगायचे’.