पस्तीस मीटर वायर

"पस्तीस मीटर," निजामोद्दीन तिसऱ्यांदा म्हणाले.

रईसाने कपाळाला हात लावला. नवरा-बायको वजिराबादेतल्या त्या दुकानात येऊन तास होऊन गेला होता. घरातल्या जुन्या स्टिरिओला स्पीकरची वायर घ्यायची, एवढंच काम. तेवढ्यासाठी निजामोद्दीननी चार प्रकारच्या वायरी सोलून पाहिल्या, तांबं खरं की नुसता मुलामा म्हणून नखाने खरवडलं आणि खिशातल्या चिठ्ठीवर पुन्हापुन्हा बेरजा केल्या. रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस. सुतळी घ्यायची तरी त्याला चौकशी समिती लागे.

"अहो, खोली बारा फुटांची हाय आपली," रईसा म्हणाली. "पस्तीस मीटरनं काय कंधारच्या किल्ल्याला वेढा घालायचाय?"

दुकानदार संगमेश्वरने हसू दाबलं. "भाभी, एवढी लांब न्यायची तर जाड वायर लागंल. बारकीत आवाज पडतो. पण जाड घेतली तर स्टिरिओपरीस वायर महाग."

"म्हणजे नाकापेक्षा मोती जड!" रईसा फणकारली.

तिचा खरा राग त्या स्टिरिओवरच होता. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीवरून निजामोद्दीन आणि त्यांचा धाकटा भाऊ मुज्तबा भांडले आणि घराच्या मधोमध भिंत उठली. वडिलांचा स्टिरिओसुद्धा वाटला गेला. यंत्र थोरल्याकडे, स्पीकर एकेक. अशी वाटणी शहाण्या माणसाला सुचेल का? अंगण वाटलं, भांडी वाटली, आणि त्यात दोन बहिणीही वाटल्या गेल्या. मुज्तबाची बायको अफसाना ही रईसाची सख्खी धाकटी बहीण. एकाच घरात दिलेल्या त्या दोघींना नवऱ्यांच्या अबोल्यापायी बोलायची चोरी झाली. पलीकडे अफसाना खोकली तरी इकडे ऐकू येई, पण काय झालं म्हणून विचारता येत नसे. सुंभ जळाला तरी पीळ जाईना, आणि हे गृहस्थ इथे तांबं तपासत बसलेत!

"एका स्पीकरला मेली किती वायर लागती?" तिचा आवाज चढला. "उठा आता. रिक्षावाला कवाचा थांबलाय."

संगमेश्वरने कात्री उचलली. "निजामभाई, खरं सांगा. स्पीकर ठेवणार कुठं?"

निजामोद्दीननी चिठ्ठीची घडी घातली, परत उलगडली.

"ठेवलेलाच हाय," ते खाली बघत पुटपुटले. "मुज्तबाच्या बैठकीत. वायर खिडकीतून काढून भिंतीवरून पलीकडं टाकतो. तिकडचं टोक जोडायचं का न्हाई, ते त्यानं ठरवावं. माझ्याच्यानं दार वाजवणं होत न्हाई."

रईसा बघतच राहिली. ज्या माणसाला ती दोन वर्षं रोज मनातल्या मनात लाखोली वाहत होती, तो शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून बसला होता. तिला त्याची कीव आली. रागही आला. एवढं करायला दोन वर्षं लागावीत?

संगमेश्वरने जाड वायरीचं बंडल काढलं आणि मोजायला सुरुवात केली. पस्तीसला तो थांबला. कात्री लावणार, तोच रईसाने वायर घट्ट धरली.

"थांबा. आणखी दहा सोडा," ती म्हणाली. "अफसाना बैठकीत कवा बसती? तिच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली पाहिजे."