उसन्या प्रार्थना

"अहो, अजून अर्धा तास आहे. माझ्यासाठी एक प्रार्थना करा ना," बायको पलंगावरून म्हणाली.

प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते. दहाला तिला ऑपरेशनला नेणार होते. हृदयाची झडप बदलायची होती. सह्या घेताना डॉक्टरांनी तिच्या वयाचा विषय काढला होता आणि पुढचं वाक्य अर्धंच सोडलं होतं.

आता प्रार्थना म्हणजे या माणसाच्या डाव्या हातचा मळ असायला हवा होता. चर्चच्या इतिहासाचे सात जाडजूड खंड त्यांनी लिहिले होते. गेल्या चारशे वर्षांत कोण, कुठे, कुठल्या शब्दांत देवाला हाक मारत होतं, ते त्यांना तोंडपाठ होतं. पाळकांच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या आणि त्यांच्या तोंडी परीक्षेत चळाचळा कापल्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला आणि डोळे मिटले.

"हे प्रभो, तुझ्या हाती सोपवलेलं काहीही हरवत नाही. आजचा हा दिवस आम्ही..."

"विणकर," बायको म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले.

"तुरुंगातल्या त्या विणकराची प्रार्थना ही. चौथा खंड. त्याचं कार्ड मीच केलं होतं. तुम्ही त्याला सूचीत दोनदा घुसवलात आणि वर मलाच ओरडलात."

तिचं बरोबर होतं. सातही खंडांच्या सूची तिनेच केल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर बुटांची खोकी मांडायची आणि त्यांत कार्डं लावत बसायची. पंचवीस वर्षं त्या घरात पाहुण्याला ताट ठेवायचं म्हटलं तर आधी दोन-तीन शतकं उचलावी लागत. तिच्यापुढे चोरीचा माल खपणार नव्हता.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी जरा अनोळखी काहीतरी शोधलं. "हे दयाळू पित्या, पाणी खोल आहे आणि आमची नाव लहान आहे. वादळात तूच आमचं सुकाणू धर. इथे मूळ हस्तलिखितात दोन ओळी गहाळ आहेत. आणि पैलतीरी..."

बायकोला हसू फुटलं. आधी ते तोंडातल्या तोंडात होतं, मग आवरेना, आणि हसता हसता तिला धाप लागली. सिस्टर टेबलापाशी काहीतरी लिहीत होती, तिने मान वर केली. प्राध्यापकांनी बायकोच्या उशीला हात लावला, पाण्याचा ग्लास उचलला, आणि तिला पाणी द्यायचं नाही हे आठवून परत ठेवला.

"पाळक होतात तेव्हा, त्या पहिल्या मंडळीत, कसं करायचात?" श्वास थाऱ्यावर आल्यावर ती म्हणाली. "कुणाचं मूल तापलं की सायकल काढायचात. खाटेशी उभं राहून दोन वाक्यं बोलायचात, तीही अडखळत. पुढचा शब्द सुचेना की कान लाल व्हायचे तुमचे."

"तेव्हा मला काही येत नव्हतं गं."

"तोच माणूस हवाय मला आज."

तो माणूस प्राध्यापकांनाही हवा होता. कित्येक वर्षं हवा होता. सेमिनरीतून शिकवायला बोलावणं आलं तेव्हा तीन वर्षांत परत येतो असं मंडळीला सांगून ते निघाले होते. तिनाची एकेचाळीस झाली. मान मिळाला, मोठमोठ्या सभांतून पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. देवाविषयी ते अजूनही दोन तास न थांबता बोलू शकत. पण देवाशी शेवटचं कधी बोललो, ते त्यांना काही केल्या आठवेना. आणि तारखा विसरणाऱ्यांतले ते नव्हते.

"सुचत नाहीये," ते शेवटी म्हणाले. "खरंच सांगतो. जे तोंडात येतं ते दुसऱ्याचंच येतं."

"असू दे," ती म्हणाली. पण तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

तेवढ्यात स्ट्रेचर घेऊन वॉर्डातले मामा आले. दहाला अजून दहा मिनिटं होती. तिने अंगठी काढून नवऱ्याच्या हातात दिली, चष्मा दिला. ती स्ट्रेचरवर आडवी झाली आणि दोन्ही हात पोटावर ठेवून छताकडे पाहत राहिली. प्राध्यापक दांडी धरून बाजूने चालू लागले. लांबलचक बोळ होता. एक चाक कुरकुरत होतं. चारशे वर्षांतलं एकेक वाक्य त्यांनी मनात पुढे घेतलं आणि मागे ठेवलं. बोळ संपला.

"इथपर्यंतच हं, सर," मामा म्हणाले आणि त्यांनी पाठीने दार ढकललं. आतून गार हवेचा झोत आला. चादर पातळ होती आणि तिची पावलं उघडी पडली होती.

"एक मिनिट," प्राध्यापक म्हणाले. डोळे मिटायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. "देवा, हिला... हिला थंडी फार वाजते. पायांना तर जास्तच. तू जरा... म्हणजे बघ... मला हिच्याशिवाय..."

मामांनी त्यांची बोटं दांडीवरून हलकेच सोडवली आणि स्ट्रेचर आत नेलं. दार लागता लागता आतून तिचा आवाज आला.

"आमेन."