दोन्ही खांदे

आपला मराठी माणूस म्हणून दिल्लीतल्या द्वारकेच्या अरुणाने मानेतली गाठ गुरुग्रामच्या डॉक्टर सबनिसांकडून काढून घेतली. तेव्हापासून उजवा हात वरच जाईना. फिजिओथेरपिस्टने तिच्या पाठीला हात लावून सांगितलं, "खांद्याचं पातं वर ओढणारा स्नायू लुळा पडलाय. गाठीबरोबर त्याची नसही कापली गेली." अरुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॅक्सी करून ती तडक सबनिसांपुढे उभी राहिली.

"नस कापलीत, आणि सांगितलंही नाहीत?"

सबनिसांनी मोबाइलमधून डोकं न काढता खांदे उडवले. "अहो, होतं कधीकधी. चलता है."

"पुन्हा उडवा!" अरुणा कडाडली.

"काय?"

"खांदे. दोन्ही उडवलेत तुम्ही. माझा आता एकच उडतो."