टाचणीचा लेख

पहिली दोन वाक्यं वाचली आणि सरांनी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.

'तीन वर्षं गिऱ्हाईक दारात उभं राहून एकच विचारायचं, बाबा आहेत का? ती हातातली कानस खाली ठेवून सांगायची, बाबा नाहीत, कुलूप मी उघडते.'

व्यापारशास्त्राच्या नियतकालिकाला पाठवलेला लेख असा सुरू करायची छाती कुणाची? सरांच्या माहितीत एकच नाव होतं. टाचणी.

टाचणी ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. अंगानं एवढीशी, पण प्रश्न असा विचारायची की भल्याभल्यांना टोचावा. तिच्या प्रत्येक लेखाच्या तोंडाशी कुणीतरी दुकानदार हटकून बसलेला असायचा आणि सर हटकून त्याच्यावर लाल रेघ ओढायचे. इथे काय गोष्टी सांगायला बसलोय का, आकडे आण, असं चारचौघांत म्हणायचे. एकदा जरा जास्तच बोलले. जिभेला हाड नसतं, दुसरं काय! प्रबंध पुरा करून ती गेली ती गेलीच. चार वर्षं झाली त्याला. आणि गंमत बघा, निवृत्त झाल्यावर सरांना आठवायचे ते तिचे दुकानदारच. स्वतःच्या लेखांतला एक आकडा आठवेल तर शपथ.

तिची खबर बायकोकडून कळायची, कारण टाचणीचा फोन यायचा तो काकूंना. गेल्या आठवड्यातली खबर बरी नव्हती. नोकरी कंत्राटी. वर्षअखेरपर्यंत एक लेख चांगल्या नियतकालिकानं घेतला तर कायम, नाहीतर नारळ. घरी अंथरुणाला खिळलेली आई. घरगुती दुकानांवरच्या विशेषांकाला लेख पाठवलाय, एवढं ती बोलली होती.

त्याच विशेषांकाचे दोन लेख संपादकांनी सरांकडे परीक्षणाला धाडले होते. दोन्हींवर नाव नाही. रीतच तशी असते. परीक्षकाला लेखक कळू द्यायचा नाही आणि लेखकाला परीक्षक. ओळख पटलीच तर लेख मुकाट्यानं परत करायचा. सरांनी हे तीस वर्षं पाळलं होतं. एकदा तर सख्ख्या मेव्हण्याचा लेख परत पाठवला होता आणि मेव्हणा वर्षभर बोलला नव्हता.

"अगं, हा तिचाच आहे," सर म्हणाले.

"मग परत करायचा ना?" काकूंनी विचारलं.

"आणि दुसऱ्या कुणाच्या हाती गेला तर? तो काय करेल ठाऊक आहे? मी करायचो तेच."

काकूंनी न मागताच चहा आणून ठेवला.

हात मोकळे व्हावेत म्हणून सरांनी आधी दुसरा लेख उरकला. पहिल्याच पानावर तीन तक्ते आणि पुढे तक्तेच तक्ते. कुलूपवालीला भेटून आल्यावर हा म्हणजे नुसता भुसा. चार पानं चाळून, चहा निवायच्या आत त्यांनी दोन ओळी लिहिल्या. 'आकडे खूप आहेत, माणूस एकही नाही. छापू नये.'

मग चार दिवस ते टाचणीच्या लेखावर बसले. आकडे कुठे लंगडे पडतात, ते कुठून मिळतील, निष्कर्ष कसा घट्ट बांधायचा, सगळं हाताला धरून सांगितल्यासारखं लिहिलं. सात पानं भरली. शेवटी लिहिलं, 'कुलूपवालीला हात लावू नये. छापावा.' समोर बसून कधी माफी मागता आली नव्हती, ती अशी मागितली.

पुढचा दीड महिना संपादकांचा ईमेल दिसला की तो उघडायच्या आधी सर दोनदा चष्मा पुसायचे. खाई त्याला खवखवे. शेवटी कळलं, कुणाला काही संशय आलेला नाही आणि कुलूपवालीचा लेख घेतला. सरांनी त्या दिवशी स्वतः भांडी घासली. काकूंना बजावलं, तिला ताकास तूर लागू देऊ नकोस.

पंधरा दिवसांनी टाचणीचा फोन आला, रविवारी येते म्हणून. आवाज बसलेला वाटला, असं काकू म्हणाल्या. आनंदानं बसला असेल, सर म्हणाले. रविवारी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि आरशासमोर चकित व्हायची तालीमसुद्धा केली.

ती आली, खुर्चीच्या कडेला टेकली. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. नोकरी गेली, आईला घेऊन भावाकडे राहायला जातेय, जाण्याआधी तुम्हाला भेटावंसं वाटलं, असं तिनं एका दमात सांगून टाकलं.

"पण लेख?" सरांच्या तोंडून निघून गेलं.

"परत आला. पाठवल्याचं काकूंनी सांगितलं वाटतं तुम्हाला." ती हसली. "एका परीक्षकानं बरं लिहिलं होतं. दुसऱ्यानं पुरता वाचलासुद्धा नसावा. तुम्ही असता तर निदान वाचला असता, हो ना सर?"

"म्हणजे काय! शब्दन् शब्द वाचला असता." सरांचा आवाज चढला. संपादकांनी आयत्या वेळी शब्द फिरवला की काय? "दाखव बघू, कोण गाढव आहे ते."

तिनं पिशवीतून परीक्षणाचा कागद काढला. "तुम्ही शिकवलंत तसाच लिहिला होता हो. सगळे दुकानदार काढून टाकले. एकही गोष्ट ठेवली नाही."

सरांनी चष्मा लावला. तिचं बोट कागदाच्या तळाशी होतं.

'आकडे खूप आहेत, माणूस एकही नाही. छापू नये.'